भीती सगळीकडे पोचते, शिकलेलं का पोचत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दोन वर्षांपूर्वी तुम्ही लिफ्टमध्ये पाऊण तास अडकलात. सुरुवातीला फक्त लिफ्ट टाळत होता. आता बंद दाराची मीटिंग रूम, विमानातली खिडकीजवळची सीट, डॉक्टरांनी सांगितलेला एमआरआय, सगळंच नकोसं झालंय. दुसरीकडे, आधीच्या नोकरीत अवघड माणसांशी बोलण्याचं प्रशिक्षण घेतलंत, तिथे ते छान जमायचंही. नव्या नोकरीत मात्र ऐन वेळी त्यातलं काहीच सुचत नाही. वाईट अनुभव सगळीकडे नेणारं मन चांगलं शिकलेलं जिथल्या तिथे का ठेवतं, हा तुमचा सवाल.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, वीसेक वर्षं भीती आणि पॅनिकवर (अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीवर) काम करते. हे दोन प्रश्न तुम्ही एकत्र विचारलेत याचा आनंद झाला. बहुतेक लोक पहिला माझ्याकडे आणतात आणि दुसरा ऑफिसातल्या ट्रेनरकडे, आणि दोघांचं मूळ एकच आहे हे कुणाला सांगायची वेळच येत नाही.

आधी मनाची बाजू घेते. अडीच-तीन वर्षांचं मूल 'मी करलं' म्हणतं. घरात कुणीही 'करलं' म्हणत नाही, म्हणजे हे ऐकून आलेलं नाही. धरलं, भरलं, मारलं ऐकून त्याने नियम काढला आणि नव्या क्रियापदाला लावला. 'बाबा जाला' हेही त्यातलंच. चूक आहे, पण केवढी हुशारीची चूक! एकदा पाहिलेलं दुसऱ्या जागी लावून बघणं थांबवलं, तर दर सकाळी दाराची कडी नव्याने शिकावी लागेल. पुढे त्याच मुलाच्या तोंडी 'केलं' येतं, ते नियम विसरल्यामुळे नाही. दिवसातून पन्नास वेळा 'केलं' कानावर पडतं आणि त्या नियमाला कुंपण पडतं. हे कुंपण लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच येणार आहे.

अनुभव पसरवायला मनाला शिकवावं लागत नाही, ते आपोआप पसरवतं. शिकावं लागतं ते कुठे थांबायचं हे. माझ्या मते याचा सगळ्यात सुंदर पुरावा कबुतरांनी दिला. १९६० मध्ये जेंकिन्स आणि हॅरिसन या दोन संशोधकांनी कबुतरांना चकतीवर चोच मारून दाणा मिळवायला शिकवलं. एका गटाच्या खोलीत १००० हर्ट्झचा सूर सतत चालू असे. दुसऱ्या गटाला सूर चालू असताना दाणा मिळे, सूर बंद असताना कितीही चोच मारली तरी काही नाही. मग दोन्ही गटांना वेगवेगळ्या उंचीचे सूर ऐकवले. दुसऱ्या गटातली कबुतरं १००० च्या आसपास जोरात चोच मारत आणि सूर दूर गेला की मंदावत. पहिल्या गटाला कुठलाही सूर चाले, सगळ्यांवर जवळपास सारखाच प्रतिसाद. त्यांनी सूर भरपूर ऐकला होता, पण सुराशिवायची वेळ कधी पाहिलीच नव्हती. मग सुराचा अर्थ त्यांना कसा कळणार? त्याच संशोधकांनी दोन वर्षांनी १००० आणि ९५० हर्ट्झ असा बारीक भेद शिकवला, तेव्हा कबुतरांची निवड आणखी टोकदार झाली.

आता तुमची लिफ्ट बघा. प्रसंग एकच. त्या एका प्रसंगातून मनाने नेमकं काय शिकावं? ती लिफ्ट धोक्याची? जुन्या लिफ्ट? सगळ्याच लिफ्ट? एकटं असणं? धातूच्या भिंती? एका प्रसंगात यातलं काहीही बसतं. लहान मुलांच्या शब्दशिक्षणावर शू आणि टेननबॉम यांचं २००७ मधलं काम इथे आठवतं. नवा शब्द उच्चारून एकच ठिपक्यांचा डाल्मेशियन दाखवला, तर तो शब्द इतर कुत्र्यांनाही लागू होत असेल असं वाटतं. तीन वेगवेगळे डाल्मेशियन दाखवून तोच शब्द उच्चारला, तर मूल ओळखतं की हा शब्द फक्त ठिपकेवाल्यांचा, नाहीतर तिन्ही वेळा डाल्मेशियनच कसा आला असता. म्हणजे उदाहरणं वाढली की वर्तुळ लहान होतं. एकाच उदाहरणावर ते मोठंच राहतं, आणि धोक्याच्या बाबतीत मन ते मुद्दाम मोठं ठेवतं.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. ही म्हण घाईने निष्कर्ष काढणाऱ्याची बाजू घेते असं वाटेल, पण तिच्यात एक अट दडलेली आहे: भात एकाच पातेल्यातला हवा. निस्बेट आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये लोकांना काल्पनिक बेटावरच्या गोष्टी विचारल्या. एका अनोळखी धातूचा एकच तुकडा विजेचा वाहक निघाला, तर तो सगळाच धातू वाहक असेल, असं लोक लगेच मानत. तिथला एक माणूस लठ्ठ दिसला म्हणून सगळे लठ्ठ, असं मात्र मानत नसत. कुठल्या जातीच्या गोष्टी एकसारख्या असतात आणि कुठल्या नाहीत, याचा सामान्य माणसाला चांगला अंदाज असतो. घाबरलेल्या माणसाचा हाच अंदाज सुटतो. एकदा बंद पडलेली लिफ्ट त्याला धातूच्या तुकड्यासारखी वाटते, एक तशा सगळ्या.

आता तुम्ही म्हणाल, विमानाची सीट आणि लिफ्ट यांच्यात दिसायला काय सारखं? काहीच नाही. रॉजर शेपर्ड यांनी १९८७ मध्ये सामान्यीकरणाचा, म्हणजे एका जागचा अनुभव दुसरीकडे लावण्याचा, एक व्यापक नियम मांडला: जुन्या अनुभवापासून नवी गोष्ट जितकी लांब, तितका प्रतिसाद कमी, आणि ही घट आधी झपाट्याने, मग सावकाश. पण यातलं 'लांब' हे फूटपट्टीने मोजायचं नसतं, ते मनातलं अंतर असतं. ग्रेगरी राझरान यांनी १९३९ मध्येच दाखवलं होतं की एखाद्या शब्दाला लाळेची प्रतिक्रिया जोडली, तर ती सारख्या उच्चाराच्या शब्दापेक्षा सारख्या अर्थाच्या शब्दाकडे जास्त जाते. शरीरही अर्थ वाचतं.

म्हणून मी पहिल्या भेटीत भीतीची यादी करतच नाही, दोन याद्या करते. भीती वाटते त्या जागा, आणि वाटायला हवी पण वाटत नाही त्या जागा. दुसरी यादी जास्त बोलते. लिफ्टची भीती असलेल्या एका बाईंनी (तपशील बदलले आहेत) पहिल्या यादीत सिनेमागृहातली मधली रांग, सलूनमधली खुर्ची आणि उड्डाणपुलावरचा ट्रॅफिक लिहिला. मी विचारलं, घरच्या बाथरूमचं काय? ते तर लिफ्टएवढंच, खिडकीही नाही. त्या हसल्या. "त्याची कडी आतून आहे ना."

तिथे वर्गाचं खरं नाव सापडलं. बंद जागा हे त्याचं नाव नव्हतंच. 'मला हवं तेव्हा, कुणाला न विचारता बाहेर पडता येणार नाही' हे होतं. सलूनची खुर्ची मोकळ्यावर असली तरी अंगावर कापड आणि डोक्यावर अर्धी कात्री चाललेली असते, उठून कसं जाणार! तुमची खिडकीची सीट याच वर्गातली असावी असा माझा अंदाज आहे. पडताळून बघा: त्याच विमानात आतल्या वाटेजवळची सीट मिळाली तर किती फरक पडतो?

काहींच्या भीतीचं वर्तुळ मुळातच मोठं पडतं, हेही खरं. लिसेक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पॅनिक असलेल्या आणि नसलेल्या लोकांना वेगवेगळ्या आकारांची वर्तुळं दाखवली. टोकाच्या एकाच आकाराबरोबर विजेचा सौम्य झटका येई, दुसऱ्या टोकाबरोबर कधीच नाही. मधली वर्तुळं क्रमाने आकार बदलत जाणारी. निरोगी लोकांचं दचकणं झटक्याच्या वर्तुळापासून एका पायरीवर थांबलं, पॅनिकवाल्यांचं तीन पायऱ्यांपर्यंत गेलं. यात मूर्खपणा काही नाही. धोका नसताना घाबरण्याची किंमत थोडी आणि धोका असताना न घाबरण्याची फार, असा हिशेब असेल तर वर्तुळ मोठं ठेवणंच शहाणपणाचं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण आपण हसत सांगतो. पण त्या माणसाचा खरा तोटा वेगळाच आहे. फुंकण्यात दोन क्षण जातात, त्याचं काही नाही. फुंकून प्यायल्यामुळे ताक मुळातच गार होतं हे त्याला कधी कळत नाही. तोंड भाजलं नाही याचं श्रेय फुंकरीला जातं, आणि पुढच्या वेळी तो आणखी मन लावून फुंकतो. करलं म्हणणाऱ्या मुलाला दिवसात पन्नास वेळा 'केलं' ऐकायला मिळतं. लिफ्ट टाळणाऱ्याला 'केलं' ऐकूच येत नाही, कारण तो त्या खोलीत जातच नाही. तो पहिल्या गटातलं कबूतर होऊन बसतो.

मग उपाय काय, तर जाणं. पण कसं जायचं यात मी स्वतः काही वर्षं चुकले आहे.

सुरुवातीच्या काळात मी सगळा सराव माझ्या खोलीखालच्या लिफ्टमध्ये करून घेत असे. एक गृहस्थ आठ बैठकांत इतके तयार झाले की शेवटी लिफ्टमध्ये उभे राहून माझ्याशी क्रिकेटवर बोलत होते. मी केस बंद केली. चार महिन्यांनी परत आले. जुन्या इमारतीत जाळीच्या दाराची लिफ्ट होती, तिच्यासमोर पाय उचलेना. मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या लिफ्टची भीती गेली." इतकं नेमकं वाक्य मला कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळालं नव्हतं.

पाठ्यपुस्तकात होतं म्हणा, मी नीट वाचलं नव्हतं. भीती विझते तेव्हा जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी 'इथे धोका नाही' अशी दुसरी आठवण तयार होते. मार्क बूटन यांच्या १९७९ पासूनच्या कामाने दाखवलं की या दुसऱ्या आठवणीला जागा चिकटलेली असते. उंदराला एका पिंजऱ्यात भीती शिकवली, दुसऱ्यात विझवली, आणि पहिल्यात परत ठेवलं की भीती हजर. धोक्याचा धडा सहज गाव बदलतो आणि सुरक्षिततेचा धडा जिथे शिकला तिथेच राहू पाहतो. तुमच्या तक्रारीचं अर्धं उत्तर हे आहे, आणि ते जरा अन्यायाचंच आहे.

म्हणून आता मी सराव मुद्दाम विस्कळीत करते. चार वेगळ्या लिफ्ट, सकाळी आणि रात्री, एकटं आणि गर्दीत, सोप्याकडून अवघडाकडे असा क्रमही फार काटेकोर पाळत नाही. आणि आत जाण्याआधी एक कार्ड लिहून घेते. कडीवाल्या बाईंनी पहिल्या कार्डावर लिहिलं होतं: "दार बंद झाल्यावर दोन मिनिटांत चक्कर येऊन पडेन. खात्री शंभरात ऐंशी." चार मिनिटं वर-खाली करून आल्या. कार्डाच्या मागे लिहिलं: घाम आला, हात थरथरले, तिसऱ्या मिनिटाला कंटाळा आला, पडले नाही. मी विचारलं, का नाही पडलात? लगेच उत्तर आलं, "फोन हातात होता ना." झाली फुंकर! पुढच्या फेरीत फोन माझ्याकडे राहिला. त्या फेरीत त्या जास्त घाबरल्या, आणि कामाची फेरी तीच होती. कार्डाचा उपयोग असा की मनाला आपलं भाकीत नंतर बदलता येत नाही. नाहीतर ते म्हणतं, मला माहीतच होतं काही होणार नाही, आणि शिकण्यासारखं काही उरत नाही.

आता तुमच्या प्रशिक्षणाकडे.

शिकलेलं पुढे जात नाही हेही पूर्ण खरं नाही. ते कधीकधी नको तिथेही जातं. अब्राहम ल्युचिन्स यांचा १९४२ मधला प्रयोग घरीच कुणावर करून बघा. तीन भांडी, २१, १२७ आणि ३ मापांची, आणि मोजून हवीत १०० मापं पाणी. मधलं भरायचं, त्यातून पहिलं एकदा आणि तिसरं दोनदा भरून काढायचं: १२७ वजा २१ वजा ३ वजा ३. याच युक्तीची आणखी काही गणितं सोडवू द्या. मग द्या २३, ४९ आणि ३, हवीत २०. सरावलेला माणूस ४९ मधून २३ आणि दोनदा ३ वजा करत बसतो. नवखा सरळ २३ मधून ३ काढतो. गणितं दिसायला सारखी होती, म्हणून युक्ती आपण होऊन धावत आली.

याची दुसरी बाजू गिक आणि होलिओक यांनी १९८० मध्ये दाखवली. रुग्णाच्या पोटात गाठ आहे. किरणांचा जोर मोठा ठेवला तर वाटेतलं निरोगी शरीर जळतं, कमी ठेवला तर गाठ मरत नाही. काय कराल? फार थोड्यांना सुचतं, दहातल्या एखाद्याला. काहींना आधी एक गोष्ट वाचायला दिली होती: किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटांवर सुरुंग, मोठी फौज गेली तर फुटतात, म्हणून सेनापती लहान तुकड्या अनेक वाटांनी एकाच वेळी पाठवतो. उत्तर त्यात आयतं ठेवलेलं आहे: अनेक दिशांनी मंद किरण, गाठीवर एकत्र. तरीही स्वतःहून ते साधारण तिघांतल्या एकालाच सापडलं. 'ती गोष्ट वापरून बघा' एवढंच सांगितल्यावर मात्र चौघांतल्या तिघांना जमलं. ज्ञान डोक्यात होतंच, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. किल्ला आणि गाठ दिसायला सारखे नाहीत, मग किल्ला आठवणार कशाला?

तुमच्या दोन अर्ध्यांमधला फरक इथे दिसतो. भीतीला आठवावं लागत नाही, जागा दिसली की शरीर उत्तर देतं. शिवाय गेल्या दोन वर्षांत तुम्ही भीतीचा सराव रोज केलात. प्रत्येक नव्या खोलीत शिरताना 'इथून निघता येईल का?' हा एकच प्रश्न शंभर वेगळ्या जागी विचारलात, म्हणून तो कुठल्याही एका जागेला चिकटून राहिला नाही. इतका उत्तम आणि विविध सराव कुठल्याही प्रशिक्षकाने कधी करून घेतला नसेल! प्रशिक्षणाचा सराव मात्र एका इमारतीत, त्याच सहकाऱ्यांबरोबर, त्याच तक्रारींवर झाला. म्हणून भीतीने वर्गाचं नाव शोधून काढलं आणि कौशल्याने फक्त चेहरे पाठ केले.

त्याला नाव मिळवून द्या. याच दोघा संशोधकांनी १९८३ मध्ये पाहिलं की एकाऐवजी दोन वेगळ्या गोष्टी वाचायला देऊन त्यांतलं साम्य लिहायला लावलं, तर तिसऱ्या जागी युक्ती सुचण्याची शक्यता चांगली वाढते. तेव्हा जुन्या ऑफिसातला एक जमलेला प्रसंग आणि नव्यातला एक फसलेला प्रसंग एकाच कागदावर शेजारी लिहा. तिथे आवाज चढवणारा ग्राहक असेल, इथे ईमेलला उत्तरच न देणारा वरिष्ठ. दिसायला विरुद्ध. पण दोघांनाही आपली बाजू कुणी ऐकत नाही असं वाटत असेल, तर तुम्ही तिथे केलंत ते इथेही लागू आहे, फक्त आवाज खाली आणण्याऐवजी गप्प माणसाला बोलतं करायचं आहे. असे चार-पाच कागद झाले की काय करायचं त्याआधी कधी करायचं हे सुचायला लागतं. प्रशिक्षणांत नेमका हा 'कधी' सोडून दिलेला असतो. भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांवर मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हेच पाहिलं: नवखे गणितांचे गट उतार, कप्पी, स्प्रिंग अशा वस्तूंवरून पाडतात, मुरलेले ऊर्जेची अक्षय्यता वगैरे तत्त्वांवरून.

एमआरआयचं वेगळं सांगते, कारण त्याला तारीख आहे. ती तपासणी उपचार समजू नका. वर फोन काढून घेण्याचं जे लिहिलं, ते तिथे लावायचं नाही. यंत्रात जाण्याआधी हातात दाबायचा रबरी फुगा देतात, तो दाबला की बाहेरच्या तंत्रज्ञाला कळतं, तो घ्या. आधी सांगून ठेवलंत तर मधूनमधून ते तुमच्याशी बोलतील. कुठल्या भागाचा स्कॅन आहे त्यावर पाय आधी आत घालता येतात का, हेही विचारा. फारच जड वाटत असेल तर सौम्य औषधाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, त्यात कमीपणा नाही. कार्ड मात्र लिहून जा, आणि बाहेर आल्यावर कपडे बदलायच्या आधी त्याची मागची बाजू भरा.